ओंडक्यांचे घर आणि न उघडलेली शाळा

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मॅनहॅटनपासून सुमारे 30 मैलांवर, पार्सिपनी-ट्रॉय हिल्स या वस्तीत ओंडक्यांचे एक घर उभे आहे. पाया आणि धुराडी ओबडधोबड दगडांची. खालचा मजला चेस्टनटच्या सोललेल्या, अखंड ओंडक्यांचा. वरचा मजला मात्र लाकडी फळकुटांनी मढवलेला. दिवाणखान्याची लांबी सुमारे 50 फूट आणि जेवणघराची लांबीही जवळपास तेवढीच.

1911 मध्ये हे घर पूर्ण झाले तेव्हा त्यात एकच कुटुंब राहायला आले: गुस्ताव स्टिकली, त्याची पत्नी एडा, पाच मुली आणि एक मुलगा. एवढ्या माणसांना 50 फुटी जेवणघर कशासाठी लागते?

या एका प्रश्नाचा माग काढत गेल्यास अमेरिकन गृहरचनेच्या इतिहासातील एक मोठी चळवळ उलगडते. त्या चळवळीचा सर्वांत यशस्वी प्रचारक तिच्याच यशाखाली कसा दबला गेला, हेही दिसते. हा धागा त्या घराविषयी आहे.

प्रारंभ इंग्लंडपासून करावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथील कारखाने स्वस्त, नक्षीदार आणि बहुधा निकृष्ट वस्तूंचा पूर बाजारात ओतत होते. जॉन रस्किनने या उत्पादनपद्धतीवर नैतिक आक्षेप घेतला. ज्या कामात कारागिराची बुद्धी वापरली जात नाही ते काम माणसाला यंत्राचा सुटा भाग करून टाकते, असे त्याचे प्रतिपादन होते. विल्यम मॉरिसने हाच विचार हातात हत्यार घेऊन आचरला. भिंतीचे कागद, विणकाम, फर्निचर, छपाई अशा अनेक कामांत तो स्वतः उतरला. ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ या नावाने ओळखली जाणारी चळवळ ती हीच.

मॉरिसची शोकांतिकाही सांगितली पाहिजे. तो कडवा समाजवादी होता. परंतु हाताने घडवलेल्या त्याच्या वस्तू परवडत होत्या त्या श्रीमंतांनाच. ही गाठ त्याच्याकडून सुटली नाही. पुढे ती सुटल्याचा दावा ज्यांनी केला, त्यांत स्टिकली अग्रभागी होता.

(या विचारविश्वाचा मुंबईशीही संबंध आहे. 1865 मध्ये सर ज. जी. कला विद्यालयात शिकवण्यासाठी आलेले जॉन लॉकवुड किपलिंग याच वातावरणात वाढलेले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील शिल्पपट्ट त्यांच्या आरेखनाचे आहेत. भारतीय कारागिरीचे कट्टर पुरस्कर्ते आनंद कुमारस्वामी यांनी तर आपला 1908 चा सिंहली कलेवरील ग्रंथ मॉरिसच्याच जुन्या छापयंत्रावर छापून घेतला. पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

गुस्ताव स्टिकलीचा जन्म 1858 मध्ये विस्कॉन्सिन राज्यात, जर्मन स्थलांतरितांच्या घरी झाला. वडील गवंडी होते. पोरवयातच त्यालाही दगडकामाला जुंपले गेले आणि त्या कामाचा त्याला मनस्वी तिटकारा आला. पुढे कुटुंब पेन्सिल्व्हेनियातील ब्रँड या गावी आले. तेथे मामाच्या खुर्च्यांच्या कारखान्यात लाकूड प्रथमच त्याच्या हाती लागले. दगडाने दमवलेल्या मुलाला लाकडाने जिंकले, असे म्हणता येईल.

त्यानंतरची जवळजवळ दोन दशके तो इतर सर्वांसारखेच फर्निचर बनवत व विकत होता: जुन्या शैलींच्या नकला, गिऱ्हाईक मागेल ते. 1890 च्या दशकाच्या अखेरीस तो युरोपात जाऊन आला. 1900 मध्ये ग्रँड रॅपिड्स येथील व्यापारी प्रदर्शनात त्याने मांडलेले फर्निचर पूर्वीपेक्षा वेगळे होते. पुढील काही वर्षांत ही वेगळी वाट ठळक होत गेली. सरळ रेषा, जाड फळ्या, नक्षी जवळपास शून्य. लाकडाचे कुसू समोरच्या खाचेतून आरपार बाहेर काढून तसेच दिसू दिलेले. जोड कोठे आहे, भार कोण पेलते आहे, हे पाहणाऱ्याला कळावे, हाच त्यातील अलंकार होता.

लाकूड बहुतांशी पांढरा ओक. ओंडका बाहेरून गाभ्याच्या दिशेने, त्रिज्येला धरून चिरला की फळीवर चमकदार पट्टे उमटतात आणि फळी वाकतही नाही. मग ती बंद खोलीत तीव्र अमोनियाच्या वाफेत ठेवायची. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. अमोनिया त्याच्याशी संयोग पावतो आणि लाकूड आतूनच गडद तपकिरी होते. वरून रंग चढवावा लागत नाही. घोड्यांच्या तबेल्यातील ओक काळवंडलेले पाहून ही युक्ती कोणाला तरी सुचली, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, तिच्यामागील रसायनशास्त्र खरे आहे.

प्रत्येक वस्तूवर सुताराच्या कंपासाचे चिन्ह आणि त्यात एक फ्लेमिश बोधवाक्य असे: ‘आल्स इक कान’. ‘मला जमेल तसे’, हा त्याचा साधारण अर्थ. पंधराव्या शतकातील चित्रकार यान व्हान आइक हेच शब्द आपल्या चित्रांच्या चौकटींवर लिहीत असे. मॉरिसनेही याच अर्थाचे बोधवाक्य वापरले होते.

फर्निचरपेक्षाही स्टिकलीचे प्रभावी साधन होते ते मासिक. ऑक्टोबर 1901 मध्ये ‘द क्राफ्ट्समन’ निघाले. पहिला अंक मॉरिसला वाहिलेला होता, दुसरा रस्किनला. सिरॅक्यूज विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या आयरीन सार्जंट या विदुषीने आरंभीच्या अंकांतील बहुतेक मजकूर एकहाती लिहिला. मासिकाचा वैचारिक कणा तिने घडवला; चळवळीच्या लोकप्रिय इतिहासात मात्र तिचे नाव अजूनही तळटीपेत सापडते.

मासिकाने लवकरच घरांचे नकाशे छापण्यास प्रारंभ केला. वर्गणीदाराने मागितल्यास पूर्ण आराखडे मोफत मिळत. मासिकाच्या 15 वर्षांच्या आयुष्यात 200 हून अधिक घरे अशा रीतीने प्रसिद्ध झाली. मोठा ओटा, खाली उतरलेले रुंद छप्पर, मध्यवर्ती फायरप्लेस, भिंतीतच बसवलेली कपाटे आणि बाके. सामान्य ऐपतीच्या कुटुंबालाही प्रतिष्ठेने राहता यावे, ही त्यामागील भूमिका. ‘क्राफ्ट्समन’ हे घराच्या शैलीचे नाव झाले ते या मासिकामुळेच.

यांपैकी अनेक घरांना अमेरिकेत ‘बंगलो’ म्हणत. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. बंगालमधील उतरत्या छपराच्या झोपडीवरून इंग्रजांनी तो उचलला, कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या बैठ्या घरांना लावला आणि तेथून तो जगभर गेला. मराठीत ‘बंगला’ म्हणजे श्रीमंताचे घर. त्याच शब्दाचा अमेरिकन अवतार मात्र मध्यमवर्गीयाचे पहिले, छोटे, स्वतःचे घर ठरला. एकाच शब्दाने दोन खंडांत सामाजिक शिडीवर उलट दिशांनी प्रवास केल्याची उदाहरणे फार नसतील.

याच काळात कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे ग्रीन बंधूंनी गॅम्बल कुटुंबासाठी लाकडाचे अप्रतिम घर बांधले. क्राफ्ट्समन शैलीचे शिखर म्हणून बहुतेक पुस्तके त्याच 1908 च्या घराचे छायाचित्र छापतात. सौंदर्याच्या कसोटीवर ते योग्यच आहे. परंतु ते एका उद्योगपती घराण्याने निष्णात वास्तुविशारदांकडून करवून घेतलेले घर होते. चळवळीचे अंतर्विरोध पाहायचे असतील तर न्यू जर्सीतील ओंडक्यांचे घर अधिक बोलके आहे.

त्याच वर्षी, 1908 मध्ये, स्टिकलीने मॉरिस प्लेन्स परिसरात जमीन घेण्यास प्रारंभ केला. हळूहळू ती सुमारे 650 एकर झाली. (परिसराच्या नावातील मॉरिस तो नव्हे. मॉरिस परगण्याचे नाव अठराव्या शतकातील गव्हर्नर लुइस मॉरिस याच्यावरून पडले. योगायोग मात्र स्टिकलीला आवडला असणार.) या वसाहतीला त्याने ‘क्राफ्ट्समन फार्म्स’ असे नाव दिले.

कल्पना भव्य होती. येथे मुलांसाठी शाळा निघायची होती. मुलांनी पुस्तकांबरोबर शेती करावी, गुरे सांभाळावीत, सुतारकाम शिकावे, प्रत्यक्ष उपयोगाच्या वस्तू घडवाव्यात. हात आणि डोके यांची औद्योगिक युगाने केलेली फारकत या शाळेने मिटवावी. मासिकातून ही योजना त्याने उत्साहाने मांडली.

ओंडक्यांचे घर हे मुळात या वसाहतीचे सामाईक सभागृह म्हणून आखले होते. विद्यार्थी, कारागीर आणि पाहुणे यांनी एकत्र जमायचे, एकत्र जेवायचे. 50 फुटी जेवणघराचे उत्तर हे आहे. टेकडीवर स्वतःच्या कुटुंबासाठी वेगळे घर बांधण्याचा स्टिकलीचा विचार होता. ते घर कधीच झाले नाही आणि कुटुंब सभागृहातच राहायला आले.

शाळाही उघडली नाही. इमारत मात्र शाळेच्याच मापाची राहिली. लिखित कागदांत मागे पडलेला संकल्प भिंतींच्या लांबीत शिल्लक राहतो, तो असा. वास्तूला इतिहासाचे साधन का मानतात, याचे यापेक्षा सोपे उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

आता ओंडक्यांकडे वळू. अमेरिकन मानसात ओंडक्यांच्या झोपडीला विशेष स्थान आहे. सतराव्या शतकात डेलावेअरच्या खोऱ्यात आलेल्या स्वीडिश वसाहतकारांनी ही बांधणी तेथे आणली. पुढे सीमेवरील वसाहतकारांची ती ओळख बनली. लिंकनचा जन्म अशाच झोपडीत झाला.

पण राजकारणाने या प्रतीकाचा वापर लिंकनच्या आधीच सुरू केला होता. 1840 च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन याचा प्रचार ‘ओंडक्यांच्या झोपडीतील उमेदवार’ असा करण्यात आला. प्रत्यक्षात तो व्हर्जिनियातील एका मातब्बर घराण्याचा मुलगा होता. जन्मही मळ्यावरील हवेलीत झालेला. साधेपणाचे सोंग घेऊन मते मिळतात, हे अमेरिकेला तेव्हापासून ठाऊक आहे.

स्टिकलीचे घर त्याच पंक्तीत बसवावे काय? 650 एकरांचा मालक, कारखानदार, मासिकाचा संपादक ओंडक्यांच्या घरात राहतो, यात काहीसे नाट्य आहे हे नाकारता येत नाही. एवढे प्रशस्त घर ही ‘झोपडी’ नव्हेच. तरीही सोंग हा शब्द येथे अन्यायाचा ठरेल.

कारण घर खोटे बोलत नाही. झाडे त्याच जमिनीवरची. दगड त्याच शेतातले. भिंतीचे ओंडके आतूनही उघडे ठेवले आहेत. त्यांवर गिलावा चढवून दिवाणखान्याला शहरी रूप दिलेले नाही. तुळया डोक्यावर दिसतात. फायरप्लेसवरील तांब्याचे ठोकीव छत्र हातोड्याच्या खुणांसह तसेच आहे. वरचा मजला ओंडक्यांचा नाही आणि तो तसा असल्याचा आवही आणत नाही; फळकुटांच्या आवरणाने तो स्वतःचे वेगळेपण सरळ सांगतो. ज्या दगडकामाचा स्टिकलीला बालपणी तिटकारा होता त्याच दगडावर त्याने आपले घर उभे केले, हाही तपशील लक्षात ठेवण्याजोगा.

खोटेपणा शोधायचाच झाला तर तो हिशेबाच्या वह्यांत शोधावा लागेल. हस्तकौशल्याचा हा उद्गाता प्रत्यक्षात सिरॅक्यूजजवळील ईस्टवुड येथील कारखान्यात यंत्रे वापरत होता. तो ते लपवतही नव्हता. यंत्राने कष्टाचे, कंटाळवाणे काम करावे आणि कारागिराचा हात विचाराच्या कामासाठी मोकळा ठेवावा, असे त्याचे म्हणणे होते. मॉरिसची गाठ त्याने अशी सोडवली. तोडगा सयुक्तिक होता, पण त्यात एक धोका दडलेला होता. सरळ रेषांचे, नक्षीविरहित फर्निचर यंत्रावर कोणालाही बनवता येते.

आणि ते बनवणाऱ्यांत त्याचे सख्खे भाऊही होते. लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज या दोघांनी सिरॅक्यूजजवळच फेयेटव्हिल येथे, तर अल्बर्टने ग्रँड रॅपिड्समध्ये, त्याच धाटणीचा माल काढला. शिवाय सिअर्ससारखी टपालविक्रीची कंपनी 1908 पासून अख्खी घरेच कॅटलॉगमधून विकू लागली होती. स्टिकलीने लोकांना ज्या घराची आवड लावली, ते घर आता त्याच्याशिवाय मिळत होते. प्रचारकाचे यश आणि व्यापाऱ्याचे नुकसान येथे एकाच गोष्टीची दोन नावे ठरतात.

यावर त्याने काटकसर करायला हवी होती. त्याने विस्तार केला. 1913 मध्ये मॅनहॅटनमध्ये, पूर्व 39 व्या रस्त्यावर, 12 मजली क्राफ्ट्समन बिल्डिंग उघडली. फर्निचर, कापड, गालिचे, घरबांधणीच्या साहित्याचे प्रदर्शन, वाचनालय, व्याख्यानांची सोय. आणि सर्वांत वर उपाहारगृह. तेथील दूध आणि भाजीपाला क्राफ्ट्समन फार्म्सवरून येत असे. ‘साधे जीवन’ विकण्यासाठी न्यूयॉर्कमधील 12 मजल्यांचा खर्च पेलावा लागावा, यातील विरोध तत्कालीन वाचकांच्याही नजरेतून सुटला नसेल.

1914 मध्ये युरोपात युद्ध सुरू झाले. ग्राहकांची रुचीही पालटत होती. वसाहतकालीन शैलीच्या नाजूक फर्निचरची आवड पुन्हा बळावत होती आणि ओकचा जडपणा लोकांना खुपू लागला होता. मार्च 1915 मध्ये स्टिकलीने दिवाळखोरी जाहीर केली. डिसेंबर 1916 चा अंक ‘द क्राफ्ट्समन’चा अखेरचा ठरला. 1917 मध्ये क्राफ्ट्समन फार्म्सही विकले गेले. खरेदीदार होते मेजर जॉर्ज फार्नी आणि त्यांच्या पत्नी सिल्व्हिया. किंमत 1 लाख डॉलर. पाठोपाठ ईस्टवुडचा कारखाना लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज या भावांकडे गेला.

ओंडक्यांच्या घरात स्टिकली जेमतेम सहा वर्षे राहिला.

तो तेथून सिरॅक्यूजला, कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवरील आपल्या जुन्या घरी परतला. आता तेथे थोरली मुलगी बार्बरा हिचा संसार होता. उरलेले आयुष्य त्याने तिच्याकडे काढले. उतारवयातही लाकडाच्या रंगरोगणाचे त्याचे प्रयोग चालू असत. 1942 मध्ये तो वारला तेव्हा त्याची शैली कालबाह्य ठरली होती आणि त्याचे फर्निचर अडगळीत पडले होते.

ही अडगळ सुमारे तीन दशकांनी पुन्हा उजेडात आली. 1972 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात अमेरिकेतील आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीवर प्रदर्शन भरले आणि अभ्यासकांचे लक्ष या वस्तूंकडे वळले. अभ्यासकांमागून संग्राहक आले, आणि संग्राहकांमागून लिलाव. 1988 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी स्टिकलीचा एक साइडबोर्ड 3 लाख 63 हजार डॉलरला घेतला. हा साइडबोर्ड स्टिकलीच्या सिरॅक्यूजमधील त्याच घरातला होता. संपूर्ण क्राफ्ट्समन फार्म्सला 1917 मध्ये मिळालेल्या किमतीच्या साडेतीन पटींहून अधिक रक्कम भांडी ठेवण्याच्या एका कपाटाला आली. डॉलरचे घसरलेले मोल हिशेबात धरले तरी हे आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

घराचे दिवस मात्र याच सुमारास भरत आले होते. फार्नी कुटुंबाने ते सात दशके सांभाळले, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु 1980 च्या दशकाच्या अखेरीस या जागेवर रांगेतील नव्या घरांची वसाहत उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. स्थानिक रहिवासी आणि वारसाप्रेमींनी विरोध केला. 1989 मध्ये पार्सिपनी-ट्रॉय हिल्सच्या नगरप्रशासनाने सार्वजनिक प्रयोजनासाठीच्या सक्तीच्या संपादनाचा अधिकार वापरून जागा ताब्यात घेतली. हा अधिकार अमेरिकेत बहुधा रस्त्यांसाठी किंवा पुनर्विकासासाठी जुनी घरे पाडताना वापरला जातो. येथे त्याच कायद्याने एक घर वाचवले. 1990 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आज तेथे संग्रहालय आहे. 650 एकरांपैकी सुमारे 30 एकर घराभोवती उरले आहेत.

आता राहिला त्या ओंडक्यांचा प्रश्न, आणि जतनाचे काम करणाऱ्यांसाठी तोच सर्वांत अवघड आहे.

अमेरिकन चेस्टनट हा पूर्व अमेरिकेच्या जंगलांचा राजा होता. सरळ खोड, वेगाने होणारी वाढ आणि कुजण्याला दाद न देणारे टॅनिनयुक्त लाकूड. कुंपणे, तारेचे खांब, रेल्वेचे स्लीपर यांसाठी त्याला तोड नव्हती. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाच्या आवारातील चेस्टनटवर एक अनोळखी रोग दिसला. आशियातून आणलेल्या झाडांबरोबर आलेली ती एक बुरशी होती. आशियाई चेस्टनट तिला सहन करत; अमेरिकन चेस्टनटला प्रतिकारशक्तीच नव्हती.

ओंडक्यांचे घर पूर्ण झाले त्याच वर्षी, 1911 मध्ये, शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया राज्याने या रोगाशी लढण्यासाठी खास आयोग नेमला. दोनच वर्षांत हार मानून तो गुंडाळावा लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे 300 ते 400 कोटी झाडे नष्ट झाली असावीत, असा अंदाज आहे. बुरशी मुळे मारत नाही, त्यामुळे जुन्या बुंध्यांना आजही धुमारे फुटतात. पण खोड थोडे जाड झाले की रोग पुन्हा गाठतो आणि झाड मरते.

आपल्याच जमिनीवरील झाडांचे घर बांधावे, म्हणजे ते त्या भूमीतून उगवल्यासारखे दिसेल, हा स्टिकलीचा आग्रह होता. आज त्या भिंतीतील एखादा ओंडका कुजला, तर त्याच्या मापाचे नवे झाड त्या टेकडीवर काय, त्या संपूर्ण प्रदेशातील जंगलात मिळणे जवळपास अशक्य आहे. मग दुरुस्ती करणाऱ्यांपुढे दोनच वाटा उरतात: कोठेतरी पाडलेल्या जुन्या कोठाराचे चेस्टनट शोधून आणायचे, किंवा दुसऱ्या लाकडाचा ओंडका बसवून त्याला चेस्टनटसारखा रंग द्यायचा.